गिअरबॉक्स आणि त्याचं तेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईत, पसरणी घाटाच्या पायथ्याशी, आमचं गॅरेज आहे. शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याच्या गाड्या पाचगणी-महाबळेश्वरला वर चढतात आणि रविवारी संध्याकाळी खाली येतात. उतरणाऱ्यांतल्या दोन-तीन हमखास आमच्या दारात थांबतात. कुणाच्या क्लचचा वास येत असतो, कुणाचा रिव्हर्स पडत नाही, कुणाच्या डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना लागलेली असते. गाडी थंड होईपर्यंत तास-दीड तास जातो, चहा होतो आणि प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न इथे उतरवून काढले आहेत. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत काही वेगळं लिहिलं असेल, तर आमचं सोडा आणि पुस्तिकेचं ऐका.

गाडी "ऑटोमॅटिक" आहे एवढंच सांगितलं होतं. ऑटोमॅटिकमध्येही प्रकार असतात का?

असतात, आणि तेलाचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो. क्लचचं पेडल नसलेली प्रत्येक गाडी शोरूममध्ये ऑटोमॅटिक म्हणूनच विकली जाते. प्रत्यक्षात त्या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं आहेत: एएमटी, टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच. प्रत्येकाची ओळख पुढे येईलच. एकाचं तेल दुसऱ्यात घातलं तर गिअरबॉक्स खराब होतो; कधी हळूहळू, कधी महिन्याभरात.

ओळखायचं कसं? आधी गिअरच्या दांड्याजवळची अक्षरं बघा. 'पी' नसेल, नुसतं 'आर', 'एन', 'डी' असेल, तर ती बहुधा एएमटी. 'पी' असेल तर उरलेल्या तिघांपैकी एक. मग मोकळ्या रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर चांगला दाबून बघा. इंजिनाचा आवाज एका पट्टीत चढून तिथेच राहिला आणि वेग मागून वाढत गेला, तर सीव्हीटी. (नव्या सीव्हीटीत मुद्दाम खोटे टप्पे घातलेले असतात, त्यामुळे फसायला होतं.) ब्रेक सोडल्यावर लोण्यासारखी सरकते आणि गिअर बदललेला जेमतेम कळतो, तो टॉर्क कन्व्हर्टर. हायवेला गिअर पापणी लवायच्या आत पडतात पण मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी किंचित अडखळते, ती ड्युअल क्लच. एवढं करूनही शंका उरली तर चॅसिस नंबर घेऊन कंपनीच्या पार्ट्सच्या काउंटरवर जा आणि गिअरबॉक्सच्या तेलाचं नाव विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

एक पाचवा पाहुणाही आहे. २०२० मध्ये ह्युंदाईने व्हेन्यूत आयएमटी आणला. गिअर हाताने टाकायचा, क्लचचं पेडल मात्र नाही. आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच आहे, त्यामुळे तेलाच्या बाबतीत त्याला मॅन्युअल समजा.

माझी मॅन्युअल गाडी आठ वर्षांची आहे. गिअर ऑइल कधीच बदललं नाही. बदलायचं असतं का?

असतं. इंजिन ऑइल आपण दरवर्षी बदलतो कारण ते जळतं, काजळी धरतं. गिअर ऑइलला आगीशी संबंध नाही, म्हणून ते जास्त टिकतं. कंपनीप्रमाणे ४० हजारांपासून ८० हजार किलोमीटरपर्यंत मुदत दिलेली असते. पण दातांवर दात घासून निघालेला धातूचा कीस त्यातच फिरत राहतो, आणि नेहमीच्या सर्व्हिसच्या यादीत ते बहुधा आपोआप येत नाही. मागावं लागतं.

आता तेल काय काम करतं ते बघा, म्हणजे पुढचं सगळं कळेल. तुम्ही दुसऱ्यावरून तिसरा टाकता तेव्हा आत वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत बसायचे असतात. त्यांची गती आधी जुळवून देते ती सिंक्रोनायझरची पितळी रिंग. ती गिअरच्या उतरत्या कडेवर घासते आणि ब्रेकसारखी त्याला आवरते. म्हणजे या तेलाकडून दोन उलट अपेक्षा आहेत: दातांवर निसरडं राहायचं आणि पितळी रिंगला मात्र पकड घेऊ द्यायची. तेल चुकीचं पडलं की रिंग नुसती घसरते आणि गिअर टाकताना "खर्रर्" होतं.

म्हणून बाटलीवरचा जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर ऑइलच्या दर्जांमधला फरक महत्त्वाचा. दुकानदार सांगतो, "पाच नंबर चारपेक्षा भारी." तसं नाही. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त घटक जास्त असतात. ते मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या डिफरन्शिअलसाठी (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागासाठी) लागतात, कारण तिथले दात एकमेकांवर घसरत फिरतात आणि दाब प्रचंड असतो. तेच घटक पितळ खाऊ शकतात. आजकाल दोन्ही दर्जे पाळणारी तेलंही मिळतात आणि बाटलीवर तसं लिहिलेलं असतं. पण पुस्तिकेत जीएल-४ असेल आणि बाटलीवर फक्त जीएल-५, तर ती बाटली परत करा.

लहान गाडीच्या मॅन्युअलमध्ये साधारण दोन लिटर तेल बसतं. बदलायला अर्धा तास पुरतो. एवढ्या स्वस्तात गाडीचं दुसरं कुठलंच मोठं काम होत नाही.

गिअर ऑइलच्या बाटलीवर ७५डब्ल्यू-९० असतं. म्हणजे ते इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट जाड ना?

नाही. दोन्हींची मापं वेगळी, जशी चपलेची आणि शर्टाची. ९० चं गिअर ऑइल तापल्यावर साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलएवढंच घट्ट असतं. होंडाच्या जुन्या मॅन्युअल गाड्यांच्या पुस्तिकेत तर, कंपनीचं तेल मिळालं नाही तर तात्पुरतं १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइल घाला, असं चक्क लिहिलेलं असायचं. म्हणून सगळ्या गाड्यांत घालू नका. ती सवलत त्यांच्यापुरती.

थंडीत सकाळी पहिला-दुसरा गिअर जड जातो. पाचगणीला जास्तच.

तेल थंड आणि घट्ट झालेलं असतं, पितळी रिंगला ते बाजूला सारून पकड घ्यायला वेळ लागतो. दोन-तीन किलोमीटरवर हलका झाला तर काळजी नाही. दिवसभर जडच राहिला तर आधी क्लच पूर्ण सुटतो का ते बघा, मग तेल. गिअर जड म्हणून आलेल्या निम्म्याहून जास्त गाड्यांत दोष क्लचचा किंवा केबलचा निघतो. गिअरबॉक्स बिचारा विनाकारण बदनाम होतो.

एएमटीचं तेल वेगळं असतं का?

एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा ओढणारा हात यंत्राचा. आपल्याकडे हा प्रकार पहिल्यांदा आला २०१४ मध्ये, मारुती सेलेरिओत. पोटातलं तेल मॅन्युअलचंच गिअर ऑइल. काही एएमटींत यंत्राचा हात हायड्रॉलिक दाबावर चालतो. त्याची छोटी टाकी आणि तेल स्वतंत्र असतं. ते कमी झालं की गाडी मध्येच न्यूट्रलला जाऊन उभी राहते आणि सगळे मिळून कॉम्प्युटरला शिव्या घालतात.

एएमटीत आम्हाला जास्त दिसतो तो करपलेला क्लच. चढावर रांगेत उभं असताना ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय पुष्कळांना असते. मॅन्युअलमध्ये त्यालाच हाफ क्लच म्हणतात आणि तो वाईट हे सगळ्यांना ठाऊक आहे. एएमटीत पेडल दिसत नाही म्हणून क्लच आहे हेच विसरतात.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय? त्याच्या तेलाचं एवढं कौतुक का?

रवीने ताक घुसळताना भांडं घट्ट धरलं नाही तर काय होतं? भांडंही फिरायला लागतं. रवी भांड्याला कुठेच चिकटलेली नाही, तरी ताकाने जोर पोहोचवला. टॉर्क कन्व्हर्टर हेच करतो. इंजिनाच्या बाजूचं पात्यांचं चाक तेल भिरकावतं, समोरचं चाक त्या तेलाच्या जोराने फिरतं, आणि मध्ये बसवलेली तिसरी पाती परतणारं तेल योग्य दिशेला वळवून सुरुवातीचा जोर वाढवतात. म्हणूनच सिग्नलला 'डी' मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही. हायवेला गती धरली की आतला एक क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, नाहीतर घसरण्यातच डिझेल-पेट्रोल वाया जाईल.

म्हणजे इथे तेल नुसतं वंगण नाही. ते इंजिनाचा जोर पुढे नेतं. त्याच्याच दाबाने आतले क्लच मिटतात आणि गिअर बदलतात. ते उष्णता बाहेर कूलरकडे नेतं. दात आणि बेअरिंग भिजवतं. शिवाय क्लचच्या चकत्या किती अलगद पकडायच्या हेही त्यातल्या घटकांवर ठरतं. या तेलाला एटीएफ म्हणतात. आमच्याकडच्या पोरांना मी एवढंच सांगतो, की बेअरिंग नंबर बघून घेता ना, तसं हे तेलही नंबर बघून घ्या. हा सुटा भागच आहे, फक्त पातळ.

एटीएफ लाल का असतं? रंगावरून तेल ओळखता येतं का?

लाल तो नुसता रंग, बाहेरून घातलेला. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिनाचा की गिअरबॉक्सचा हे कळावं हा त्याचा उपयोग. पण सगळी एटीएफ लाल नसतात. काही सीव्हीटी तेलं हिरवट असतात, मर्सिडीजच्या एका प्रकारचं निळं आहे. उलट दोन लाल तेलं एकमेकांशी अजिबात न जमणारी असू शकतात. तेव्हा रंगावरून डाग ओळखा, तेल निवडू नका.

वापरलेल्या तेलाचा रंग मात्र बोलतो. लालाचं तपकिरी झालं तर वय झालं. काळं आणि करपलेल्या भाकरीसारखा वास, तर क्लचच्या चकत्या जळल्या. गुलाबी दुधासारखं झालं असेल तर आत पाणी किंवा कूलंट गेलंय. इंजिन चालू करू नका.

एक जुनी गोष्ट या निमित्ताने. अमेरिकेतल्या एटीएफमध्ये एके काळी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. क्लचला अलगद पकड देण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमासे वाचवण्यासाठी त्यावर बंदी आली. पर्याय लगेच तेवढा चांगला सापडला नाही आणि तिथले गिअरबॉक्स धडाधड बिघडू लागले. गिअर, बेअरिंग, क्लच सगळं तेच होतं. बदललं होतं फक्त तेल.

बाटलीवर "सर्व ऑटोमॅटिक गाड्यांसाठी" लिहिलंय. चालेल का?

मागची बाजू वाचा. तुमच्या गाडीच्या तेलाचं नेमकं नाव, म्हणजे टोयोटाचं डब्ल्यूएस, ह्युंदाईचं एसपी-४, होंडाचं डीडब्ल्यू-१ असं जे असेल ते, यादीत आहे का? नसेल तर पुढचा शब्द वाचायची गरज नाही. असेल आणि तेल बनवणारी कंपनी नावाजलेली असेल, तर मुदत संपलेल्या गाडीत मी ते घालतो. वॉरंटीतल्या गाडीत घालत नाही.

डेक्सरॉन-३ या एटीएफच्या जुन्या दर्जाची गंमत माहीत असावी. जनरल मोटर्सने त्या दर्जाचे परवाने देणं २००६ च्या अखेरीस बंद केलं. आज दुकानात ज्या बाटलीवर ते नाव मोठ्या अक्षरात आहे, ती कुणी तपासून दिलेली नाही. बनवणाऱ्याचा शब्द, एवढंच.

सीव्हीटी अ‍ॅक्टिव्हासारखी असते म्हणतात. मग तिला तेल कशाला?

तत्त्व अ‍ॅक्टिव्हाचंच. दोन पुली, मध्ये पट्टा, पुलीच्या खाचा रुंद-अरुंद होतात आणि गिअरचं प्रमाण सलग बदलत जातं. गाडीत हे मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आणलं ते हॉलंडच्या डाफ कंपनीने, १९५८ मध्ये, आणि तेव्हा पट्टे रबराचेच होते.

आजच्या बहुतेक कारच्या सीव्हीटीत पट्टा पोलादी असतो. शेकडो छोटे पोलादी तुकडे पातळ पट्ट्यांवर ओवलेले, आणि गंमत म्हणजे हा पट्टा ओढून जोर देत नाही, ढकलून देतो. पोलादी पट्टा, पोलादी पुली, आणि दोन्ही तेलात बुडालेले. इथे तेलाने पोलादावर पोलाद घसरू द्यायचं नाही आणि खरवडूही द्यायचं नाही. साधं एटीएफ हे काम करू शकत नाही. त्याची घडण कागदी चकत्यांच्या क्लचसाठी असते.

पुण्याच्या एका ताई गेल्या वर्षी आल्या होत्या. सीव्हीटी गाडी, घाटात घसरते आणि आतून किणकिण येते. दोन महिन्यांपूर्वी कुठल्याशा गॅरेजात "ऑटोमॅटिकचं तेल" बदलून घेतलं होतं. चेंबर उघडला तर आत लालभडक एटीएफ आणि चुंबकावर चमचमणाऱ्या कडा असलेले कण. पुलीवर ओरखडे पडले होते. त्यावर योग्य तेल घालूनही उपयोग नव्हता. बिल बघून ताई म्हणाल्या, "दादा, त्या माणसाने मला विचारलंसुद्धा नाही, गाडी कुठली ते."

सीव्हीटीच्या तेलात काटकसर करायची नाही आणि मुदतही ताणायची नाही.

ड्युअल क्लच, डीएसजी, डीसीटी, डीसीए: हे सगळं एकच का?

कंपन्यांनी ठेवलेली नावं वेगळी, कल्पना एक. दोन क्लच, एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, फक्त क्लचची अदलाबदल होते.

तुम्हाला माहीत असायला हवं ते हे, की क्लच कोरडा आहे की ओला. कोरडा म्हणजे मॅन्युअलसारखा हवेत फिरणारा; ओला म्हणजे तेलात बुडालेला. ओल्यातलं तेल क्लचचा कीस आणि उष्णता दोन्ही पोटात घेतं, म्हणून ते लवकर बदलावं लागतं. फोक्सवागन-स्कोडाच्या सहा गिअरच्या ओल्या डीएसजीला ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही. टाटाच्या डीसीएतही क्लच ओला आहे. कोरड्यातलं तेल जास्त टिकतं, पण घाटातल्या रांगेत क्लच लवकर तापतो. घाटाखाली राहून सांगतो, हा फरक ब्रोशरमध्ये दिसत नाही, रस्त्यावर दिसतो.

तेलाचं महत्त्व किती, याचा एक मोठा दाखला याच घराण्यातला. २०१३ मध्ये फोक्सवागनने सात गिअरच्या कोरड्या डीएसजीच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या. कारण काय, तर आतल्या सिंथेटिक तेलामुळे उष्ण-दमट हवेत वीजपुरवठ्यात बिघाड होण्याची शक्यता. उपाय? सिंथेटिक काढून मिनरल तेल भरायचं. एरवी "सिंथेटिक म्हणजे भारी" हे आपण डोळे मिटून धरून चालतो.

कंपनी म्हणते तेल "लाइफटाइम" आहे. मग तुम्ही बदलायला का सांगता?

कुणाचं लाइफ, हा माझा उलटा प्रश्न. बीएमडब्ल्यूपासून अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. तोच गिअरबॉक्स गाडीत बसला की गाडीवाल्यांच्या पत्रकात लाइफटाइम होतो. गाडी पाच वर्षांत विकायची असेल तर त्यांचं म्हणणं तुमच्यापुरतं खरंसुद्धा ठरेल. पुढचा मालक बघून घेईल.

पुस्तिकेतला तक्ता बघताना खालची बारीक अक्षरं वाचा. "कठीण वापर" असल्यास मुदत कमी, असं लिहिलेलं असतं, आणि त्या कठीण वापरात काय मोडतं? रांगतं ट्रॅफिक, डोंगराळ रस्ते, धूळ, कडक ऊन, छोट्या छोट्या फेऱ्या. म्हणजे आपला सोमवार ते रविवार. ढोबळ नियम असा, की तेल दहा अंशांनी जास्त तापत राहिलं तर ते जवळपास दुप्पट वेगाने खराब होतं.

सव्वा लाख किलोमीटर झाले, एटीएफ कधी बदललं नाही. आता बदललं तर गिअरबॉक्स बसतो असं मित्र म्हणतो.

मित्राने पाहिलेलं खोटं नसेल, अर्थ चुकीचा लावला असेल. लोक तेल कधी बदलतात? गाडी घसरायला लागल्यावर. चकत्या तोवर झिजून गेलेल्या असतात. जुन्या तेलात तरंगणारा कीस थोडी खरखरीत पकड देत होता, तोही निघून जातो, आणि पंधरा दिवसांत गाडी उभी. दोष नव्या तेलावर येतो.

गाडी आज नीट चालत असेल, गिअर वेळेवर पडत असतील, तर बदला. फक्त मशिन लावून एका दमात सगळं धुऊन काढू नका. खालचा बोल्ट काढून जेवढं येईल तेवढं काढायचं, तेवढंच मोजून भरायचं, हजार-दोन हजार किलोमीटर चालवून पुन्हा तेच. एकूण सात लिटर असेल तर एका वेळी साडेतीन-चार निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. निम्मं-निम्मं करत दोन वेळा केलं तर पाऊण तेल नवं होतं, तीन वेळा केलं तर जवळजवळ ८८ टक्के. गाडी आधीच घसरत असेल तर तेलाची आशा धरू नका, गिअरबॉक्स उघडायचा खर्च विचारा.

घरीच तेल बदलता येईल का?

मॅन्युअलचं येईल, हौस आणि दोन जॅकस्टँड असतील तर. एक नियम मात्र पाळा: आधी भरायचा वरचा प्लग सैल करून बघायचा, मगच खालचा काढायचा. वर्षानुवर्षं न उघडलेला वरचा प्लग गंजून बसलेला असतो. खालून तेल सांडून झालं आणि वरचा निघतच नाही असं झालं, तर गाडी जागची हलत नाही. हे शहाणपण मी पहिल्या वर्षी एका रविवारी, दुकानं बंद असताना मिळवलं.

खालच्या प्लगवर चुंबक असतो. त्यावर काजळासारखा करडा लगदा दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज. बोटाला टोचणारा तुकडा लागला तर तेल भरू नका. आधी आत काय तुटलंय ते शोधा. प्लगचा वॉशर नवा घाला. वरच्या भोकातून तेल ओघळायला लागलं की पुरे.

ऑटोमॅटिक घरी नको. बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिकच नसते. तेल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून, पातळीच्या प्लगमधून जास्तीचं ओघळू द्यावं लागतं, आणि गाडी लिफ्टवर अगदी सपाट हवी. अर्धा लिटर जास्त झालं तर तेलाला फेस येतो, कमी झालं तर पंप हवा ओढतो.

काढलेलं तेल गटारात ओतू नका. गॅरेजात आणून द्या, आमच्याकडून ते पुनर्प्रक्रियावाल्याकडे जातं.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती. इंजिन ठीक आहे म्हणाले. गिअरबॉक्स?

गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते, ब्रीदर. गरम गिअरबॉक्स पाण्यात एकदम थंड झाला की आतली हवा आकसते आणि त्याच नळीतून पाणी आत ओढलं जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, त्यानंतर आलेल्या गाड्यांत मॅन्युअलचं तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं निघत होतं. मॅन्युअलमध्ये दोन-तीनदा तेल बदलून गाडी वाचते. ऑटोमॅटिकमध्ये चकत्यांचं अस्तर कागदी आणि डिंकाने चिकटवलेलं असतं. पाण्याने ते सुटतं. चाकाच्या निम्म्याच्या वर पाणी आलं असेल तर गाडी चालू न करता तेल तपासून घ्या. विम्याचा माणूस येईपर्यंत किल्लीला हात नको.

घाट उतरताना ऑटोमॅटिक न्यूट्रलला टाकली तर पेट्रोल वाचतं ना?

वाचत नाही. उतारावर गिअरमध्ये असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजिन इंधन तोडतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन लागतंच. शिवाय सगळा भार ब्रेकवर. पसरणी घाट उतरून आलेल्या गाडीच्या चाकातून धूर निघताना आम्ही दर महिन्याला बघतो. 'एल', 'एम' किंवा '२' जे असेल ते लावून खालच्या गिअरवर या आणि इंजिनाला गाडी आवरू द्या.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीला गिअरबॉक्स नसतोच ना?

इलेक्ट्रिकमध्ये बहुतेक एकाच प्रमाणाचे गिअर असतात, मोटरची गती कमी करून चाकाला द्यायला. त्यांनाही तेल लागतं, थोडंसं. हायक्रॉससारख्या टोयोटा हायब्रिडच्या ई-सीव्हीटीत नाव सीव्हीटी असलं तरी पट्टा नसतो. मोटर आणि प्लॅनेटरी गिअरचा (मधल्या गिअरभोवती फिरणाऱ्या छोट्या गिअरांचा) तो खेळ आहे. सीव्हीटीचं तेल त्यात घालायचं नाही.

ऑटोमॅटिक गाडी रस्त्यात बंद पडली. टो करून न्यायची का?

दोरी बांधून नाही. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना, ज्यांना इंजिनाचा जोर जातो ती चाकं फिरत राहिली तर आतले भाग कोरडे घासतात, आणि न्यूट्रलला टाकल्याने ते थांबत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर पुढची चाकं उचलून नेता येते. फॉर्च्युनरसारखी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर नेहमीच्या पद्धतीने पुढून उचलणं म्हणजे नेमकं उलटं. फ्लॅटबेड म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक. क्रेनवाल्याला फोनवरच सांगा: "गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेड पाठवा." तो म्हणेल, "काही होत नाही साहेब, न्यूट्रलला टाका, रोज नेतो." तरी फ्लॅटबेडच मागा आणि तो येईपर्यंत थांबा.